रिकाम्या लाईनवरचा चोर

सुरतेत मी तेहतीस वर्षं पोलिसात काढली. खून बघितले, दंगली बघितल्या, पुराच्या पाण्यात ठाण्यातले कागद डोक्यावर घेऊन उभा राहिलो. त्यातलं बरंच आता विसरलो. एक केस मात्र विसरत नाही, आणि तिच्यात रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता. एक कागद होता, त्यावर आकडे होते, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर मी एका निर्दोष माणसाला हाणलेली थोबाडीत होती.

आधी माझं सांगतो. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, या केसच्या वेळी जमादार होतो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. बायको होती तोवर असले किस्से तिलाच सांगायचो. तिला जाऊन आठ महिने झाले, म्हणून आता कागदाला सांगतो. नावं कोणाचीच घालणार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. इंटरनेट हा शब्द ठाण्यात कोणाला धड उच्चारता येत नव्हता. एक दिवस पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस मिलचे शेठ अर्ज घेऊन आले. साड्यांवर छपाई करणारी मिल. त्यांच्या साड्यांची नवी डिझाईन्स कॉम्प्युटरमध्ये असायची, आणि ती त्यांच्या आधीच दुसऱ्या कोणाच्या नावानं बाजारात येत होती. मिलमध्ये इंटरनेटची दिवसभर चालू राहणारी लाईन होती, परदेशातल्या गिऱ्हाइकांना डिझाईन्स दाखवायला. त्याच लाईननं कोणीतरी आत शिरून माल उचलतोय, असं त्यांचं म्हणणं.

मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "दरवाजा तोडला का?"

"ना साहेब."

"कुलूप?"

"ना."

"मग पंचनामा कशाचा करायचा?"

शेवटी अर्ज माझ्याकडे आला. कोणालाच नको असलेला अर्ज जमादाराकडे येतो, हा जुना रिवाज आहे.

शेठ माझ्या टेबलाजवळ वाकून म्हणाले, "चोर घरनोज छे, जमादार." म्हणजे चोर घरचाच. त्यांचा संशय एका डिझायनरवर होता. मूळ मराठवाड्याकडचा, डिंडोलीत राहणारा. सहा वर्षं मिलमध्ये होता, शेठशी भांडून गेला आणि पर्वत पाटियाजवळच्या एका डिझाईन स्टुडिओत लागला. घरी कॉम्प्युटर, टेलिफोन, इंटरनेट सगळं. मिलचा कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणाला तोच, आणि ज्या मेकॅनिकनं मिलची मशीनं बसवून दिली होती, जो दर आठवड्याला दुरुस्तीला यायचा, तोही म्हणाला तोच. तीन माणसं एका माणसाकडे बोट दाखवतात तेव्हा पोलिसाला फार बरं वाटतं. काम निम्मं झालं असं वाटतं.

ऑपरेटरनं मला कागदांचा गठ्ठा दिला. कॉम्प्युटर आपल्या दारात कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवतो, आपल्याकडे गेटवर वही असते तशी. वहीत माणसाचं नाव असतं, इथं पत्ता. पत्ता म्हणजे चार आकडे, मधे मधे टिंबं. ऑपरेटरनं अनोळखी दिसेल त्या प्रत्येक पत्त्याला लाल पेनानं गोल केला होता. पानं अशी दिसत होती जशी कोणी कुंकवाची बोटं उठवलीत.

साहेबांच्या सहीचं पत्र घेऊन मी टेलिफोन खात्याच्या इंटरनेट ऑफिसात गेलो. तिथं मशीनरूमचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. अमरावतीकडच्या. चाळिशीच्या असतील, डोळ्यावर जाड चष्मा, मशीनरूमच्या थंडीमुळे सुरतच्या उकाड्यातसुद्धा स्वेटर घालून बसलेल्या. गठ्ठा चाळला आणि हसायला लागल्या.

"जमादार, हे काय घेऊन आले तुम्ही? या हिशोबानं तर मीही चोर आहे."

"म्हणजे?"

"हा गोल बघा. हा आमच्याच ऑफिसातल्या मशीनचा पत्ता आहे. लाईन चालू आहे की बंद, ते आम्ही रोज सकाळी तपासतो. करा अटक."

मला राग आला, पण त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पेन्सिल घेतली. दोन तास त्या बाईंनी एकेक ओळ वाचली. मी आयुष्यात खूप हुशार माणसं पाहिली, त्यातली बरीच समोरच्याला मूर्ख ठरवून हुशार होतात. या बाई तशा नव्हत्या. मला कळेपर्यंत पुढच्या ओळीवर जात नव्हत्या. "हा आला, दार वाजवलं, उघडलं नाही, निघून गेला. असे जगभर हिंडत असतात, सोडा याला. हे तुमच्या शेठचे परदेशी गिऱ्हाईक. हा बघा, हा वेगळा. याला चावी माहीत होती, म्हणजे पासवर्ड. पहिल्याच फटक्यात आत. बारा मिनिटं थांबला, फाईली घेतल्या, गेला."

लाल गोलांच्या त्या जत्रेतून शेवटी तीन ओळी उरल्या. तीन वेगळे दिवस, तीन वेगळे पत्ते, तिन्ही दुपारी जेवणाच्या सुट्टीतले. आणि तिन्ही पत्ते सुरतच्या ऑफिसातूनच दिलेले.

बाईंनी त्यांच्या मशीनमध्ये बघितलं. कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता याची त्यांच्याकडे नोंद असते. पहिल्या वेळी पत्ता एका दाताच्या डॉक्टरकडे होता. दुसऱ्या वेळी कोणाकडेच नव्हता, रिकामा. तिसऱ्या वेळी होता त्या डिझायनरकडे.

मी उठलोच. बाई म्हणाल्या, "थांबा जी. हे मला पटत नाही आहे. मधलं रिकामं कसं येते? मला दोन दिवस द्या."

मी म्हणालो, "मॅडम, तीनातला एक लागला ना? बास आहे."

माझी चूक इथं झाली. तीन कागद हातात होते. जो माझ्या मनातल्या माणसाशी जुळला तो मी खिशात घातला आणि न जुळलेले दोन टेबलावर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिझायनरला घरून आणलं. बत्तीस-तेहतीसचा किडकिडीत माणूस, बोटांना रंग लागलेला. त्याची बायको दारात उभी होती, शेजारचे जिन्यात. कॉम्प्युटर दोन शिपायांनी चादरीत बांधून खाली आणला. अटक दाखवली नव्हती, नुसतं चौकशीला बसवलं. कागदावर याला फरक असतो, गल्लीला नसतो.

"मिलच्या कॉम्प्युटरमध्ये घुसला होतास की नाही?"

"नोकरी सोडली त्या दिवसापासून मी त्या गेटकडे बघितलं नाही, साहेब."

"गेटचं कोण विचारतंय? तारेनं गेलास."

"तारेनं मी मेल पाठवतो. जेवायला घरी येतो तेव्हा. माझ्या नव्या शेठला विचारा."

"हा पत्ता तुझा आहे. ऑफिसच्या मशीनमधून आलाय."

"मला कोणता पत्ता मिळतो ते मला माहीत नसतं. दर वेळी वेगळा मिळतो."

मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. सातवी पास जमादार बघून थापा मारतोय. म्हणालो, "रोज वेगळा पत्ता? तू काय धर्मशाळेत राहतोस?" आणि हात उठला. तो पडला नाही, रडला नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. तेवढंच.

दुपारपर्यंत पर्वत पाटियाहून त्याच्या नव्या शेठचा निरोप आला. पोलीस ज्याला नेतात तो माणूस डिझाईनच्या धंद्यात नको, कामावर येऊ नकोस. धंदाच तसा आहे. तिथं सगळा माल विश्वासावर राहतो. डिझायनरवर एकदा चोरीचा शिक्का बसला की सुरतेत त्याला कोणी ब्रश धुवायलाही ठेवणार नाही. आणि साहेब म्हणत होते, उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, रिमांड घेऊ, बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ठाण्यात फोन आला. त्याच बाई.

"जमादार, कोणाला धरलं तर नाही ना?"

"एकाला बसवलंय."

"या इकडे. आत्ता या."

गेलो. त्यांनी मला समोर बसवलं. "तुम्ही शटल रिक्षा बघता ना, सहारा दरवाजाला उभ्या असतात?"

"त्यांच्याच पावत्या फाडत जन्म गेला."

"रिक्षाची एक सीट. दहा वाजता तीवर तुम्ही बसले. उतरले. सव्वादहाला मी बसले. रिक्षाचा नंबर तोच, सीट तीच. चोरी त्या सीटवरून झाली. चोर कोण? तुम्ही का मी?"

"किती वाजता झाली त्यावर आहे."

"बस. पत्ता म्हणजे ती सीट आहे. फोन लावला की बसायला मिळते, ठेवला की दुसरा बसते. वेळ चुकली की माणूस चुकला."

म्हणजे डिझायनर थापा मारत नव्हता. पत्ता दर वेळी वेगळाच मिळतो.

बाई पुढं म्हणाल्या, "आता त्या मधल्या दिवशी सीट रिकामी होती. रिकाम्या सीटवरून चोर येत नाही. याचा अर्थ आपण वेळ चुकीची बघतोय. आमचं मशीन टेलिफोनच्या टाईमवर चालते, ते मी रात्रीच तपासलं. तुमच्या कागदावरचा टाईम कोणाच्या घड्याळाचा आहे?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी कोणाला विचारला नव्हता.

तडक मिलमध्ये गेलो. ऑपरेटरला म्हणालो, "तुझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का?"

"एकदम बरोबर, साहेब. रोज सकाळी गेटच्या घड्याळाशी मिळवतो. शेठची ऑर्डर आहे, मिलमध्ये सगळी घड्याळं एक पाहिजेत."

रोज मिळवतो म्हणाला. माझं समाधान झालं. म्हणजे बघा, दुसऱ्यांदा चुकत होतो. बाईंचा प्रश्न कोणाचं घड्याळ असा होता, आणि मी बरोबर आहे का एवढं विचारून परत फिरलो.

वाटेत घर होतं म्हणून जेवायला थांबलो. भाकरी मोडून तशीच ठेवली. बायकोनं ओळखलं. ती धुळ्याकडची, शाळेचं तोंड न बघितलेली, घरात कायम अहिराणी बोलायची. मी तिला सगळं सांगितलं, थोबाडीत मारल्याचंही सांगितलं. वेळ जुळत नाही आणि घड्याळ तर गेटशी मिळवलेलं आहे, असं म्हणालो. ती भाकरी थापता थापता थांबली.

"गेटनं घड्याळ? मिलनं?"

"हां."

"मिलनं घड्याळ कधी खरं ऱ्हास का? ते पुढे ऱ्हास. तुमले इतलं बी माहीत नई?"

तिच्या बोलीत ऱ्हास म्हणजे असतं. तिचा भाऊ पांडेसऱ्यात दुसऱ्या एका मिलच्या रंगखात्यात होता. चार वर्षं आमच्याकडेच राहिला होता. त्याचा डबा हीच भरायची. सातची पाळी म्हणजे पावणेसातला गेटवर पाहिजे, नाहीतर अर्धा दिवस गेला. कामगारांनी लवकर यावं म्हणून गेटचं घड्याळ मुद्दाम पुढं लावतात. सगळ्या पांडेसऱ्याला हे ठाऊक. बायका त्या हिशोबानं चूल पेटवतात. ऑपरेटरही त्याच घड्याळावर येत-जात होता, त्याला त्यात चुकीचं काही वाटतच नव्हतं. आणि मी, त्या हद्दीत अकरा वर्षं गस्त घातलेला जमादार, मला माहीत नव्हतं. घरात डबा भरला जायचा तेव्हा मी कधी जागा नसायचो, नाहीतर ड्यूटीवर असायचो.

"मना भाऊले इचारा," ती म्हणाली. "नई तं जाईसन देखा. अन् त्या पोऱ्याले आदी घर धाडा."

पानावरून उठलो. ठाण्यातून दोन पंच घेतले आणि मिलच्या गेटवर उभा राहिलो. वॉचमनच्या केबिनमधून टेलिफोन खात्याच्या वेळ सांगणाऱ्या नंबरावर फोन लावून टाईम ऐकला, माझं मनगटी घड्याळ त्याला लावलं. गेटचं घड्याळ सतरा मिनिटं पुढं. आत कॉम्प्युटरवर गेलो. सतरा मिनिटं पुढं. मी रीतसर पंचनामा केला. साहेबांनी तो वाचून कपाळाला हात लावला.

"घड्याळाचा पंचनामा? जमादार, उद्या पंख्याचा जबाब घ्याल."

"घेईन साहेब. आज अटक दाखवू नका, एवढं करा."

संध्याकाळच्या आधी बाईंकडे पोचलो. त्यांनी तिन्ही वेळांतून सतरा मिनिटं वजा केली. पहिली ओळ बघितली. दुसरी बघितली. तिसरी बघितली. मग चष्मा काढून पुसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. तीन दिवस, तीन पत्ते, माणूस एकच. मिलची मशीनं बसवून देणारा मेकॅनिक. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन ठेवला आणि दोन मिनिटांत तीच सीट डिझायनरला मिळाली होती. घरी जेवायला येऊन मेल पाठवणारा बिचारा दुसऱ्याच्या गरम सीटवर बसला होता.

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही नसता तर..."

त्या म्हणाल्या, "मी काही नाही केलं जी. रिकामं होतं ते रिकामं सांगितलं."

एवढं सांगायला काय लागतं ते मला त्या दिवशी कळलं. हातात जुळणारं उत्तर आलेलं असताना न जुळणाऱ्याकडे बघत बसायचं, आणि पोलिसाला थांब म्हणायचं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांत ही हिंमत मी पाहिली नाही.

मेकॅनिकला आणलं तेव्हा मी हात खिशात ठेवले. तो बेरड होता. "इंटरनेटचा पासवर्ड माझा असेल, वापरला दुसऱ्या कोणी."

"तीनही वेळा?"

"असेल."

"तीनही वेळा जेवणाच्या सुट्टीत? ऑपरेटर कधी उठतो ते त्या दुसऱ्याला कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत?"

"आणि मिलच्या मशीनची चावी? पहिल्याच फटक्यात दार उघडलंय. मशीन बसवताना चावी कोणी ठेवली होती?"

त्यानंच ठेवली होती, आणि नंतर कोणी बदलली नव्हती. त्याच्या दुकानाची झडती घेतली तेव्हा फ्लॉपींचा डबा मिळाला. त्यात एक डिझाईन असं होतं जे मिलनं अजून कापडावर छापलंही नव्हतं. शेठनं ते स्क्रीनवर बघितलं आणि खालीच बसले. मग मेकॅनिक बोलला. रिंग रोडच्या एका व्यापाऱ्याला तो डिझाईन्स विकत होता. डिझायनरचं नाव शेठच्या डोक्यात घालणाराही तोच.

केस उभी करताना कलम कोणतं लावायचं यावरून पुष्कळ डोकेफोड झाली. असल्या गुन्ह्यासाठी वेगळा कायदा तेव्हा नव्हता. पुढं शेठ आणि व्यापारी यांचं आपसात जमलं आणि केस ढिली पडली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं.

डिझायनरला सोडलं होतं, कॉम्प्युटर परत केला होता. पण कामावर त्याला कोणी घेत नव्हतं. बायको रोज विचारायची, "गये का त्यानाकडे?" मी म्हणायचो, जाईन. एक दिवस ती लुगडं बदलून दारात उभी राहिली. "चाला."

डिंडोलीत त्याच्या खोलीवर गेलो. मी वर्दीत नव्हतो. म्हणालो, "माझं चुकलं. हात उचलायला नको होता."

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही इथं येऊन चुकलं म्हणालात, ते ऐकलं कोणी? मी आणि या मावशींनी. मला नेलं ते सगळ्या गल्लीनं बघितलं."

"मग काय करू?"

"लिहून द्या. सही-शिक्क्यानं. माझा संबंध नाही म्हणून."

पोलीस असं लिहून देत नाही. सोडतो, पण तू निर्दोष आहेस असं कागदावर कोणाला देत नाही. तशी पद्धतच नाही. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर बायको माझ्याकडे बघत होती. म्हणालो, "देतो."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात बसून लिहिलं. पत्ता कसा निघाला, वेळ कशी चुकली, घड्याळ किती मिनिटं पुढं होतं, खरा माणूस दुसरा निघाला, आणि या इसमाला चौकशीस आणणे ही तपास करणाऱ्याची म्हणजे माझी चूक होती. साहेब म्हणाले, शेवटची ओळ काढा. मी म्हणालो, ती काढली तर कागदाला अर्थ नाही. कागद माझ्याकडे परत सरकवत ते म्हणाले, "शिक्का मारा, पण मला दाखवू नका." तो कागद घेऊन पर्वत पाटियाला त्याच्या शेठकडे मी स्वतः गेलो, आणि चार माणसांसमोर वाचून दाखवला. वाचताना दोनदा अडखळलो. सोमवारपासून तो कामावर लागला. माझ्या बढतीच्या वेळी त्या ओळीवरून मला विचारणा झाली, बढती मागं पडली. पडू दे.

कागदाची दुसरी प्रत द्यायला आम्ही दोघं पुन्हा डिंडोलीला गेलो. त्यानं ती दारातच घेतली, उभ्या उभ्या दोनदा वाचली, घडी घातली. पाणीसुद्धा विचारलं नाही. परत येताना रिक्षात मी तसं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "तो कसाले पानी देई?" आणि बाहेर बघायला लागली.

पुढं ठाण्यात नवे फौजदार यायचे, त्यांना मी ही केस सांगायचो. म्हणायचो, पत्ता आला की नाचू नका. तो कोणत्या वेळचा, ती वेळ कोणाच्या घड्याळाची, ते घड्याळ किती चुकतं, आणि त्या पत्त्यानं केलं काय, हे कागदावर नसेल तर तो कागद परत पाठवा. आणि जे जुळत नाही ते टेबलावर सोडून येऊ नका. पोरं मान हलवायची. काही लक्षात ठेवायची.

मला तपास एका बाईंनी शिकवला आणि माफी मागायला दुसरीनं. पहिली बदली होऊन विदर्भात गेली, पुन्हा भेट झाली नाही. दुसरीबरोबर पुढंही वीसेक वर्षं काढली आणि माझ्या प्रत्येक चुकीला तिनं तोंडावर चूक म्हटलं. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आता घरात मी काहीही बोललो तरी कोणी चूक म्हणत नाही.